उजवा गाल, उजवा कान

तीन दात उपटून झाले, दुखणं जागचं हललं नाही, आणि तरी चौथा उपटायची भाषा करणाऱ्या डॉक्टरला काय म्हणावं? मी त्याला काही म्हणालो नाही. त्याच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो, बोलणार कसा. अंधेरीतला दातांचा डॉक्टर. बाहेर माशांची काचेची टाकी, आत गुळगुळीत गाणी, भिंतीवर पांढऱ्याशुभ्र दातांच्या गोऱ्या बायकांचे फोटो. पहिल्या दातापासून तो एकच वाक्य ऐकवत आला होता, "काका, आता बघा कसं मोकळं वाटेल." तीनदा मोकळं करून झालं. उजवीकडे चावायला काही उरलं नाही, एवढाच काय तो मोकळेपणा.

पण त्याला शिव्या घालायच्या आधी मला स्वतःला घातल्या पाहिजेत. कारण तिन्ही दात दाखवले होते मीच. बोट ठेवून. "हा काढ," म्हणून. माझ्यासारख्या माणसाने ही चूक करावी, हे मला आजही पचत नाही.

माझ्यासारख्या म्हणजे कशा, ते सांगतो. साकीनाक्याच्या एका गल्लीत माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडली, ते गावी परत गेले आणि मी हत्यारांची पेटी घेऊन इकडे आलो. तेव्हापासून मोटारी, पंप, कॉम्प्रेसर दुरुस्त करतोय. माझी पद्धत साधी आहे. मोटार चालू ठेवायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, म्हणजे मोटारीचा दांडा ज्या गोळ्यांच्या कड्यात फिरतो त्याच्यावर. आणि लाकडी मूठ उजव्या कानाच्या पुढे, जबड्याच्या हाडावर दाबून धरायची. डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात कळतं, गोळ्या खाल्ल्या गेल्यात, ग्रीस सुकलंय की नुसताच पट्टा जास्त ताणलाय.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मला या कामासाठी ओळखतात. तिथे गळ्यात पट्टे घातलेले इंजिनिअर यंत्राला वायरी चिकटवून लॅपटॉपवर रेघोट्या बघत बसतात. दोन दिवस बघतात. मग त्यांचाच साहेब हळूच मला फोन करतो, "मिस्त्री, जरा येऊन कान लावून जा." मी जायचो, कान लावायचो, सांगायचो आणि त्या पट्टेवाल्यांकडे न बघता निघून यायचो. माझा उजवा कान म्हणजे माझी सगळी इस्टेट, असं मी चारचौघांत म्हणायचो. घमेंड होती, नाही कशाला म्हणू.

दुखणं सुरू झालं ते एका सकाळी तोंड धुताना. गालावर पाणी मारलं आणि उजव्या जबड्यातून कानापर्यंत शॉक बसला. मी शॉक खाल्लेला माणूस आहे, ओल्या हाताने चालू वायर धरलेली आहे, म्हणून शब्द जपून वापरतोय. शॉकच होता. पाच-सहा सेकंद. नळ तसाच वाहत राहिला आणि मी बेसिन धरून उभा राहिलो. मग काहीच नाही. मग चहाच्या पहिल्या घोटाला पुन्हा. त्यानंतर बोलताना, घास चावताना, पंख्याचा वारा लागला तरी. दिवसातून चार वेळा, मग चाळीस वेळा. दोन शॉकच्या मधे मी एकदम ठणठणीत असायचो, त्यामुळे लोकांना वाटायचं हा नाटक करतोय.

आता आमच्या धंद्यात एक जात आहे, तिच्याइतकी हलकी जात मी दुसरी पाहिली नाही. पार्ट बदलणारे. मशीन आवाज करतंय ना, बदल बेअरिंग. तरी करतंय, बदल पट्टा. तरी करतंय, बदल पुली. मूळ कुठे आहे ते शोधायचंच नाही. अशा लोकांना मी गाळ्यात उभं करत नाही. आणि मी काय केलं? दुखतंय ना खालच्या दाढेत, काढ दाढ. तरी दुखतंय, काढ शेजारची. तिसरीच्या वेळी तर तो डॉक्टरसुद्धा जरा घुटमळला होता. एक्स-रेत काही दिसत नाही म्हणाला. मीच म्हटलं, "तुला दिसत नसेल, मला कळतंय ना." कळतंय म्हणे. डोंबल.

त्या तिसऱ्या दाढेच्या दिवशी त्याने इंजेक्शनं जरा जास्तच टोचली होती, हनुवटीपासून कानापर्यंत अर्धा चेहरा लाकूड झाला होता. तसाच दुपारी मरोळला गेलो, कारण एका छपाई कारखान्याचा कॉम्प्रेसर बघायचं कबूल केलं होतं. मूठ जबड्याला लावली. घरघर ऐकू येत होती, पण तिच्यातून काही उमगत नव्हतं. आता तोंड उघडून 'कळत नाही' म्हणणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, "उत्तम आहे, चालू द्या." चार दिवसांत तो कॉम्प्रेसर जाम झाला. मी खापर दाताच्या डॉक्टरवर फोडलं, रक्त गेल्यामुळे अशक्तपणा आला म्हणालो, आणि विषय सोडून दिला.

या सगळ्यात घरी माझा मेव्हणा. बायकोचा मोठा भाऊ, म्हणून दारातून हाकलता येत नाही. सरकारी कचेरीतून रिटायर झालाय आणि तेव्हापासून त्याला सगळं कळतं. दर रविवारी येणार, सोफ्यावर मांडी घालून बसणार आणि मोबाईलवर आलेले उपाय वाचून दाखवणार. लवंग धरा, हिंग भरा, कानात लसणीचं तेल सोडा. "भावोजी, ह्यो वारो आसा, वारो," असं सांगून गेला एकदा, आणि मी मूर्ख त्या उन्हाळ्यात पंखा बंद करून डोक्याला मफलर बांधून बसलो. माझी बायको घामाने निथळत समोर बसायची. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. मी मात्र तिच्या भांड्यांच्या आवाजावरून, चालण्यावरून, श्वास घेण्यावरूनसुद्धा तिच्यावर डाफरायचो. चावता येत नव्हतं म्हणून ती रोज तांदळाची पेज घोटायची, त्यात मासा काटे काढून कुस्करायची, आणि मी ती गरम आहे म्हणून वाटी ढकलायचो.

शेवटी चौथ्या दाताच्या वेळी तिनेच मला त्या खुर्चीतून उठवलं. आत शिरली आणि म्हणाली, "पुरे झालं. चला." तिथून ती मला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने गालाला कापसाची कांडी लावली, मी उडालो, त्याने कागदावर लिहिलं. पाच मिनिटांत. तीन दाढा गेल्या होत्या माझ्या, आणि ह्याने पाच मिनिटांत आणि एका कापसाच्या कांडीत काम केलं. ट्रायजेमिनल न्युराल्जिया. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. दातांचा काडीचा संबंध नाही.

गोळी दिली ती मुळात मिरगीची. मेव्हण्याने औषधाचं नाव मोबाईलवर शोधलं आणि झालं, आठवड्याभरात अख्ख्या बिल्डिंगला मला फिट येते हे कळलं. एका रविवारी जेवताना मला शॉक बसला, मी ताटावर वाकलो, तर ह्या गृहस्थाने दारातली चप्पल उचलून माझ्या नाकाला लावली. स्वतःची, रस्त्यावरून आणलेली चप्पल. ताटावर. मी काहीच बोलू शकत नव्हतो, आणि तो बायकोला सांगत होता, "बघ, उतरला की नाही?" शॉक आपोआप उतरतो, सहा सेकंदात. पण त्या दिवसापासून चप्पल लागू पडते, अशी त्याची खात्री झाली.

गोळीने दुखणं मात्र खरंच थांबलं. सात-आठ महिने. मग डोस वाढवावा लागला, पुन्हा वाढवावा लागला, आणि मी दिवसभर झोपेत चालल्यासारखा झालो. शब्द आठवेनात. पाना मागायचा तर "ते, ते" करायचो. रक्तातलं मीठ कमी झालं. आणि एके दिवशी गाळ्यात, चालू पट्ट्याच्या बाजूला, माझा तोल गेला. हात दोन बोटांच्या अंतराने वाचला. डॉक्टर म्हणाला, गोळीची हद्द झाली, आता सर्जनला भेटा.

सर्जन म्हणजे एक पोरगी निघाली. पस्तिशीची असेल, पायात पळायचे बूट. मला वाटलं ही मदतनीस असावी आणि मी म्हटलं, "मोठ्या डॉक्टरांना बोलवा." ती म्हणाली, "काका, यापेक्षा मोठं इथे कोणी नाही, माझ्यावरच भागवा." बायको हसली. मला राग आला, पण बाईने स्क्रीनवर माझ्या डोक्याचे फोटो लावले आणि मी खुर्ची पुढे ओढली. मेंदूतून चेहऱ्याची नस जिथे निघते, नेमकी तिथे एक रक्तवाहिनी वळसा घेऊन तिला टेकली होती.

"प्रत्येक ठोक्याला ही वाहिनी नसेवर घासते," ती म्हणाली. "वरचं आवरण झिजलं की साधा स्पर्शही करंट होऊन जातो."

"इन्सुलेशन गेलंय," मी म्हटलं.

"अगदी तेच."

एवढ्या काळात मला कळेल अशा भाषेत बोललेली ती पहिली. मग तिने उपाय सांगितले. एक, सुई. ओठाच्या कोपऱ्याशेजारून गालात घालायची, कवटीच्या तळाला नस जिथून बाहेर येते त्या भोकापर्यंत न्यायची आणि टोक तापवून नस थोडी जाळायची. कोणी जाळण्याऐवजी ग्लिसरीन सोडतं, कोणी बारीक फुगा फुगवून नस दाबतं, पण वाट तीच. एक-दोन दिवसांत घरी. तोटा असा की गाल बधिर होतो, कधी थोडा, कधी बराच. डोळ्याकडची फांदी बधिर झाली तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही, जपावं लागतं. आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं, मग पुन्हा सुई.

दुसरा उपाय, किरणं. कापाकापी नाही, डोकं फ्रेममध्ये पक्कं करायचं आणि नसेच्या मुळावर मारा करायचा. पण गुण यायला आठवडे लागतात, कधी महिने. बधिरपणा त्यातही येऊ शकतो. महिने म्हटल्यावर मी हात जोडले.

तिसरा, डोकं उघडायचं. कानामागे छेद, हाडाला रुपयाएवढं भोक, आणि भिंगातून बघत त्या वाहिनीला नसेपासून सोडवून मधे टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. "नस जाळत नाही, तोडत नाही," ती म्हणाली. "चेहरा शाबूत राहतो. जास्तीत जास्त टिकतो तो हाच उपाय."

मी म्हटलं, "पाइप वायरला घासत असेल तर मी मधे रबर घालतो. हे शिकायला तुम्हाला इतकी वर्षं लागतात?"

"रबर घालताना पाइप फुटला तर तुमचा माणूस मरत नाही ना," ती शांतपणे म्हणाली. आणि मग तोटे मोजले. रक्तस्राव, जंतू, मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं, क्वचित लकवा, क्वचित जीवच. "आणि ऐकायची नस अगदी शेजारून जाते. थोड्या पेशंटचा त्या बाजूचा कान जातो. कधी कायमचा."

कान म्हटल्यावर माझ्यापुरता विषय संपला. उजवा कान. बायकोने तर लकवा आणि जीव एवढंच ऐकलं होतं. बाहेर रिक्षात बसता बसता आमचं दोघांचं एकमत झालं, आणि तसं आमचं फारसं कधी होत नाही. सुई. गाल बधिर होईना का, गालाचं काय लोणचं घालायचंय? ती म्हणाली, "डोक्याला हात लावू द्यायचा नाही." मी म्हटलं, "कानाला लावू द्यायचा नाही." मेव्हण्यानेही पाठिंबा दिला, टेफ्लॉनच्या तव्याने कॅन्सर होतो असा काहीतरी व्हिडिओ त्याच्याकडे होता. तो माझ्या बाजूने बोलतोय म्हणजे माझं काहीतरी चुकतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सर्जनबाईने सुईला हरकत घेतली नाही. फक्त म्हणाली, ठरवण्याआधी कानाची तपासणी करून घ्या, नंतर पस्तावा नको. केली. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, टीक ऐकू आली की बटण दाबायचं. मी मनात म्हटलं, या मुलीला आज कान म्हणजे काय ते कळेल. बटण दाबत राहिलो. बाहेर आलो तर ती मुलगी कागद पुढे करून म्हणाली, "काका, डावा वयाच्या मानाने बरा आहे. उजवा बराच खाली गेलाय. बारीक आवाज जवळजवळ नाहीतच. मशीनवर काम करता का?"

मी तिला सांगितलं, तुझं यंत्र बिघडलंय. ती म्हणाली, "कालच तपासलंय, काका." मी म्हटलं पुन्हा घे. तिने पुन्हा घेतली. तोच आलेख, उजवीकडे घसरगुंडी. कागद तिच्या हातातून ओढून घेतला मी. दाढीमिशीवाला माणूस, आणि एका पोरीसमोर रडकुंडीला आलो होतो.

तिथून घरी गेलो नाही, गाळ्यात गेलो. शटर अर्धं ओढलं. दोन मोटारी चालू केल्या, एक चांगली, एक बेअरिंग गेलेली. एका औषध कंपनीने मला कधीतरी कानात घालायचे फोमचे बोळे दिले होते, मी ते हसून पेटीत टाकले होते. ते काढले आणि दोन्ही कान गच्च बंद केले. मूठ उजव्या जबड्याला लावली. शॉक बसला, दात आवळून थांबलो, पुन्हा लावली. आणि मला कळलं. कुठली चांगली, कुठली वाईट, वाईटात गोळी गेलीय की कडं, सगळं. कानात काही नव्हतं. हाडावरच्या कातडीत होतं, मुठीखाली, बारीक खडा रगडल्यासारखं. मग बोळे काढले, मूठ डाव्या बाजूला लावली. आवाज मोठा आला, स्पष्ट आला, आणि मला त्यातलं एक अक्षर समजेना.

मग छपाईवाल्याचा कॉम्प्रेसर आठवला. त्या दुपारी माझा कान जागेवर होता. बधिर झाला होता तो गाल.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याचा डंका पिटला तो कान केव्हाच गेला होता, आणि काम करत होता तो गाल, ज्याची मला किंमत नव्हती, जो मी जाळून घ्यायला निघालो होतो. पट्टेवाल्या इंजिनिअरांना हसणारा मी. स्वतःचं मशीन कशावर चालतं हे मला माहीत नव्हतं. स्टुलावर बसलो आणि खूप वेळ स्वतःला मालवणीत शिव्या दिल्या, वडील गिरणीच्या मुकादमाला द्यायचे त्या.

बायकोला सांगितलं, डोकं उघडायचं ठरवलंय.

"कशासाठी?"

"गाल वाचवायला."

"गाल? गाल काय करायचाय तुम्हाला? नट आहात?"

मी सगळं समजावलं. कानाचा कागद, फोमचे बोळे, मूठ. ती ऐकत होती, हातातल्या कोळंब्या सोलत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मोटारीसाठी."

"धंद्यासाठी."

"मोटारीसाठी. मी तीन वर्षं पेज घोटतेय. तुमच्याशी खुणांनी बोलतेय. या घरात मोठ्याने हसायची मला भीती वाटते. आणि तुम्ही जीव धोक्यात घालणार तो मोटारीसाठी." तिचा आवाज चढला नव्हता. "करा. तुमचं डोकं आहे. पण उद्या कान गेला, तर ते मला येऊन सांगायचं नाही. मला ऐकायचंच नाही."

मला तिचाच राग आला. बायकांना काय कळतं धंद्यातलं, असं मी त्या क्षणी मनात म्हटलं, आणि ते इथे लिहायची मला लाज वाटते, पण म्हटलं होतं. दुखण्याने माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला त्या वर्षी बघायला हवं होतं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा डोकं जड, मळमळ, जग गरगरत होतं. नर्सने ओला कापूस गालावरून फिरवला. मी शॉकची वाट बघत अंग आवळून पडलो होतो. आला नाही. तिने पुन्हा फिरवला. कापूस गार होता, ओला होता, आणि नुसता कापूसच होता. मी तिला म्हटलं, अजून एकदा. तिला वाटलं म्हातारा भ्रमलाय.

तिसऱ्या दिवशी फोन उजव्या कानाला लावला आणि मला वाटलं फोन बंद पडला. सर्जनबाईने तपासलं. म्हणाली, नस तुटलेली नाही, सूज असेल, काही आठवड्यांत कदाचित येईल. 'कदाचित' हा शब्द मीही गिऱ्हाइकांना वापरतो, तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत होता. बायको खाली औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं, "हिला सांगू नका." बाई म्हणाली, "का?" मी म्हटलं, "तिला ऐकायचं नाहीये." बाईने माझ्याकडे असं बघितलं, जसा मी पार्ट बदलणाऱ्यांकडे बघतो. पण तिने सांगितलं नाही.

घरी आलो. टाके निघाल्यानंतरची एक दुपार होती. मी बऱ्याच काळाने भाकरी चावून खाल्ली होती, डाव्या बाजूने, पण चावून, आणि पलंगावर पडलो होतो. पलंगाची डावी बाजू भिंतीला लागून आहे, म्हणून बायको उजव्या बाजूला येऊन बसली. थोडा वेळ बघत राहिली. मग तिने हात पुढे केला, मधेच थांबवला, आणि मग माझ्या उजव्या गालावर ठेवला. तीन वर्षांत तिने तिथे हात लावला नव्हता, मी लावू दिला नव्हता. तळवा खरखरीत होता, किंचित ओला, हळदीचा वास होता. बोटांतली थरथर मला लागत होती. अगदी बारीकसुद्धा लागत होती.

"दुखतंय?" तिने माझ्या डोळ्यांत बघत अगदी हळू विचारलं, ते मला ओठांवरून कळलं. मी मान हलवली, नाही.

हात तसाच राहिला. मग ती वाकली, तोंड माझ्या उजव्या कानापाशी आणलं आणि काहीतरी कुजबुजली. लहानसं नव्हतं, चार-पाच वाक्यं असावीत, कारण तिचा श्वास मानेला लागत राहिला, थांबला, पुन्हा लागला. मला त्यातला एक शब्द आला नाही. 'काय म्हणालीस' विचारलं असतं तर कान गेल्याचं उघडं पडलं असतं. आणि माझ्यातली ती घमेंड, कवटी फोडूनही जी कोणाला काढता आली नाही, ती तशीच जागेवर होती. बायको मागे झाली आणि उत्तराची वाट बघू लागली.

मी म्हटलं, "हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले, तिने हात काढून घेतला, पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन कोळंब्या धुवायला लागली.

कान परत आला नाही. काम चालू आहे, मरोळचे लोक अजून म्हणतात, मिस्त्री, कान लावून जा, आणि मी जाऊन गाल लावून येतो. दोन महिन्यांनी मेव्हण्याने उजवीकडून तीन हाका मारल्या, मी ढिम्म हललो नाही, आणि बायकोला कळलं. ती मला एक शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून ती जेवायला माझ्या डाव्या बाजूला बसते.

मग मी तिला विचारलं, त्या दुपारी तू काय म्हणाली होतीस. चारदा विचारलंय आतापर्यंत. एकदा चिडून, एकदा हात जोडून. दर वेळी ती हातातलं काम न थांबवता एकच उत्तर देते.

"तुम्ही हो म्हणालात ना? मग झालं."